ज्या मॅचला आपण होतो

माझ्या नवऱ्याने, व्हर्लिनने, जन्मभर लोकांच्या कवळ्या बनवल्या आणि जन्मभर बेसबॉलची कार्डं जमवली. कवळ्या पोटासाठी, कार्डं जिवासाठी. पण त्याचं जमवणं चारचौघांसारखं नव्हतं. बाकीचे लोक महागडं कार्ड शोधतात, जुनं शोधतात, मोठ्या नावामागे धावतात. व्हर्लिनचं म्हणणं एकच. ज्या मॅचला आपण स्वतः बाकावर बसलो होतो, त्या मॅचमधल्या एकाच खेळाडूचं कार्ड ठेवायचं. त्या दिवशी ज्याने मॅच फिरवली, त्याचं. मग तो नावाजलेला असो की त्याच्या आईखेरीज कुणी न ऐकलेला. टीव्हीवर पाहिलेली मॅच धरायची नाही. अर्ध्यातून उठून आलो तर तीही धरायची नाही.

"आणि पाऊस आला तर?" लग्नाआधी मी विचारलं होतं.

"थांबेपर्यंत बसायचं."

बसले. प्लास्टिकचा कागद डोक्यावर धरून बसले, आणि त्याच कागदाखाली आमचं ठरलं.

नऊ-नऊ कप्प्यांची प्लास्टिकची पानं असलेले त्याचे अल्बम झोपायच्या खोलीतल्या कपाटात असतात. माझे कोट दुसऱ्या खोलीत लटकतात, कारण या कपाटात जागा नाही. कार्डाच्या मागे आकडे छापलेले असतात, ते तो कधीच वाचत नाही. बोट ठेवून सांगतो, "हा बघ आर्डिस, तू पिवळ्या कोटावर मोहरीचा सॉस सांडलास तेव्हाचा." किंवा, "हा तुझ्या बाबांच्या शेवटच्या मॅचचा." माझ्या बाबांच्या फोटोवरूनही आठवणार नाही इतका स्पष्ट तो दिवस त्या कुणा अनोळखी पोराच्या चेहऱ्यावरून त्याला आठवतो.

आमचं गाव मर्डन. नदीकाठचं, आयोवातलं. गावची टीम ऑटर्स. खालच्या लीगमधली. इथे येणारी पोरं वर चढायला आलेली असतात. त्यांना मिळतं ते जेमतेम, म्हणून गावातली घरं उन्हाळाभर त्यांना खोली देतात. आमची मुलगी डेन्व्हरला गेली आणि तिची खोली मोकळी झाली, तेव्हापासून दर एप्रिलला आमच्या दारात एक उंच पोरगा बॅगा घेऊन उभा राहतो. काही वर गेले. बहुतेक आपापल्या घरी गेले.

एली आला त्या वर्षी एप्रिलमध्येही बर्फ होता. पूर्ण नाव एलिएसेर मार्कानो, व्हेनेझुएलाचा. वीस वर्षांचा, मनगटं अशी की माझ्या दोन हातांत मावेनात. अंगावर पातळ जाकीट. दारातच दात वाजत होते.

"सेन्योरा," तो म्हणाला, म्हणजे बाईसाहेब, आणि फोन पुढे केला. तो बोलायचा आणि फोन इंग्रजीत भाषांतर करून सांगायचा. फोन म्हणाला, "मी तुमच्या घराला त्रास देणारा लहान प्राणी होणार नाही."

व्हर्लिन म्हणाला, "मोठा झालास तरी चालेल. आत ये, दार लाव, हीटरचा गॅस फुकट जळतोय."

एली पिचर होता, चेंडू फेकणारा. त्याचा चेंडू हातातून सुटला की दिसायचा नाही, मागे बसलेल्या झेलणाऱ्याच्या हातमोज्यात फाटकन आवाज यायचा तेव्हाच कळायचं. आम्ही तिसऱ्या बेसच्या बाजूला, तिसऱ्या रांगेत बसतो. पहिला चेंडू टाकायच्या आधी तो टोपीला हात लावायचा आणि आमच्या रांगेकडे बघायचा. आम्ही दिसलो की मगच मान खाली घालायचा. व्हर्लिन म्हणायचा, "आपल्याकडे नाही, हॉट डॉगवाल्याकडे बघतोय." पण एखाद्या दिवशी मला केस कापायचं काम आटपायला उशीर झाला की हाच दारात उभा राहून किल्ल्या वाजवायचा. तळघरात माझी दोन खुर्च्यांची केस कापायची जागा आहे. "आर्डिस, त्या बाईचे केस काही आज संपणार नाहीत. पोरगा शोधत असेल."

अल्बम एलीने मे महिन्यात पाहिले. जमिनीवर मांडी घालून एकेक पान उलटत बसला.

"मी कुठे?" त्याने विचारलं. तोवर त्याचं इंग्रजी फोनशिवाय थोडं चालू लागलं होतं.

"तुमच्या टीमची कार्डं जूनमध्ये छापून येतात," व्हर्लिन म्हणाला. "आणि छापून आलं म्हणून लगेच इथे जागा नाही. आधी मॅच फिरव."

"फिरवतो," एली म्हणाला. "तुम्ही फक्त या."

आणि फिरवली. जूनमधल्या एका शनिवारी त्याने समोरच्या टीमला असं काही नाचवलं की त्यांचे फलंदाज बॅट फिरवून परत जाताना आपापसात हसायला लागले, दुसरं करणार काय? मैदानावरच्या दुकानातून व्हर्लिनने त्याचं कार्ड घेतलं आणि घरी आल्यावर ते कप्प्यात सारायचा मान एलीला दिला. कार्डावर तो हसतोय, पुढच्या दातांत फट, टोपी जरा तिरकी. त्याने पानाचा फोटो काढून आईला पाठवला. लगेच तिचा फोन आला, चित्रासकट. युदिथ तिचं नाव. ती काय बोलली ते मला कळलं नाही, पण ती रडत होती आणि हसत होती. तिच्या मागे कुणीतरी भांडी वाजवत होतं.

"सेन्योरा, तिला सांगा मी कसा आहे," एली म्हणाला.

मला त्यांच्या भाषेतला एकच शब्द येत होता, 'बिएन', म्हणजे छान. मी म्हटलं, "बिएन, बिएन!" तिनेही म्हटलं, "बिएन!" दर रविवारी आमचं एवढंच बोलणं व्हायचं आणि दोघींनाही ते पुरायचं.

जुलैतल्या त्या रविवारी दुपारी ऊन असं होतं की बाकं चटके देत होती. समोर लॉरेल क्रीकची टीम. त्यांचा एक फलंदाज होता, कोल्टन फ्राय. पोरगेलासा, मिशी फुटू घातलेली. एलीच्या हाताला घाम असेल, चेंडू सरकला असेल. नक्की काय झालं ते त्यालाही कधी सांगता आलं नाही. चेंडू वर गेला. कोल्टनने मान फिरवली ती नेमकी चेंडूकडेच.

आवाज झाला. तो मी सांगत नाही. कुणाचं तरी बाळ रडायला लागलं.

एली धावत निघाला आणि मध्येच थांबला. पुढे जावं की नको ते त्याला कळेना. तिथेच गवतात गुडघ्यावर बसला. कोल्टनला तोंडाशी टॉवेल धरून बाहेर नेलं. टॉवेल पांढरा होता, बाहेर जाईतो पांढरा राहिला नाही. नंतर कळलं, गालाचं हाड मोडलं होतं. डोळा वाचला.

"डोळा वाचला," व्हर्लिनने गाडीत एलीला सांगितलं. पुन्हा सांगितलं. एलीने खिडकीची काच वर केली, खाली केली.

त्या मॅचचा कप्पा रिकामा राहिला. व्हर्लिन रोज संध्याकाळी अल्बम स्वयंपाकघरातल्या टेबलावर आणायचा, उघडायचा, मिटायचा.

"राहू दे ना एक रिकामा," मी म्हटलं.

"आपण होतो तिथे, आर्डिस."

"मग कोल्टनचं लाव."

"त्याने काय केलं? तो नुसता उभा होता."

आमचं हे चाललं होतं तेव्हा एली आत आला. त्याच्या हातात त्याचंच कार्ड होतं. टीमने प्रत्येक पोराला वाटायला म्हणून त्याच्या कार्डांचा गठ्ठा दिलेला असतो. त्याने ते टेबलावर ठेवलं.

"ही मॅच मी फिरवली," तो म्हणाला.

"पोरा, तसं नसतं ते."

"तुम्हीच सांगितलं होतं. ज्याने फिरवली त्याचं."

व्हर्लिनने माझ्याकडे पाहिलं. चाळीस वर्षं तोच नियम तो सांगत आला होता. एलीने स्वतःच कार्ड कप्प्यात सारलं आणि वर गेला. जेवायलाही आला नाही. मी ताट झाकून ठेवलं.

पुढच्या वेळी तो मैदानात उतरला तेव्हा पहिला चेंडू फलंदाजापासून हातभर लांब गेला. दुसरा जमिनीत. तिसरा झेलणाऱ्याच्या डोक्यावरून थेट जाळीत. चार चेंडू असे बाहेर गेले की समोरच्याला फुकट पहिल्या बेसवर चालत जायला मिळतं. त्या दिवशी ते एकामागून एक चालत गेले, जणू चर्चमधून बाहेर पडताहेत. लोक आधी गप्प होते. मग त्यांनी धीर द्यायला टाळ्या वाजवल्या. मग मागून कुणीतरी ओरडलं, "पुढच्या रांगेतल्यांनी हेल्मेटं घाला रे!" आणि बरेच जण हसले. व्हर्लिन वळून बघायला लागला तसा मी त्याचा गुडघा दाबून धरला.

घरी आल्यावर टेबलावर एलीचं आणखी एक कार्ड होतं.

मग हे असंच होत गेलं. आम्ही आधीच्या मॅचचं बोलायचो, जेवणाचं बोलायचो, आणि सकाळी चहाच्या भांड्याशेजारी ते कार्ड. व्हर्लिन ते लावायचा. लावलं नाही तर एली स्वतः लावायचा. त्या एका पानावर हळूहळू तेच हसू, तीच दातातली फट, तीच तिरकी टोपी भरत गेली.

व्हर्लिन कोचला भेटला. कोच भला माणूस होता, सुपारीसारखं काहीतरी सतत चघळायचा. म्हणाला, "त्याच्याशी याबद्दल बोलू नका. आम्हीही बोलत नाही. हे असं होतं कधीकधी. कुणाचं जातं."

"आणि कुणाचं जात नाही?"

कोच थुंकला आणि म्हणाला, "भाजी काय करता हो घरी? पोरगा वाळलाय."

केस कापायला येणाऱ्या बायकांना तर विषयच मिळाला. डोरीन आमच्या शेजारची, माझी शाळेपासूनची मैत्रीण. खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाली, "काय गं, तुझा पाहुणा काल फलंदाजाला टाकत होता की पार्किंगमधल्या गाड्यांना?"

"डोरीन, कात्री माझ्या हातात आहे."

ती आरशातून माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "वाईट वाटतं गं बघायला. म्हणून बोलते." तेही खरंच होतं.

एका सकाळी मागच्या अंगणातून फाट, फाट आवाज यायला लागला. खिडकीतून पाहिलं तर व्हर्लिन पालथ्या बादलीवर बसलेला, हातात त्याच्या तरुणपणचा झेलायचा हातमोजा, आणि एली लांब कुंपणापाशी उभा राहून चेंडू टाकतोय. एकेक चेंडू मोज्यात. व्हर्लिन मोजा डावीकडे धरायचा, चेंडू डावीकडे. उजवीकडे धरायचा, उजवीकडे. मी हात पुसत बाहेर आले. व्हर्लिनचा तळहात सुजून लाल झाला होता आणि तो लहान मुलासारखा हसत होता.

"बघतेस ना? कुठे काय बिघडलंय? हे बघ!"

"इथे जमतं," एली म्हणाला. तोही हसत होता, बऱ्याच दिवसांनी. "इथे कुणी उभं नाही ना."

मला वाटलं, उपाय सापडला. मी झाडू उचलला आणि व्हर्लिनच्या पुढे, फलंदाज उभा राहतो तशी उभी राहिले. वय झालेली बाई, ॲप्रन बांधलेला, झाडू खांद्यावर.

"आता मी उभी आहे. टाक!"

"नको, सेन्योरा."

"अरे हळू टाक. लेकराला टाकतात तसा टाक."

"बाजूला व्हा ना."

"नाही होणार. तू मला लागू देणार नाहीस, मला ठाऊक आहे. टाक."

त्याने हात वर नेला. त्याचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला. हात वरच राहिला. त्याने तो खाली घेतला, चेंडू दोन्ही हातांत धरला, पोटाशी, आणि तसाच उभा राहिला. व्हर्लिन बादलीवरून उठला. मी झाडू टाकला आणि एलीकडे गेले. माझं डोकं त्याच्या छातीपर्यंतही पोचत नव्हतं.

"तुम्ही का उभ्या राहिलात?" तो म्हणत होता. "तुम्ही का उभ्या राहिलात?"

त्यानंतर अंगणातही चेंडू सरळ जाईना.

ऑगस्टमध्ये लॉरेल क्रीकची टीम पुन्हा आली. कोल्टन फ्राय खेळत नव्हता, पण टीमसोबत आला होता, गालावर एक पिवळट डाग तेवढा उरलेला. व्हर्लिन मॅचच्या आधी कुंपणाशी गेला. त्याच्या खिशात कोल्टनचं कार्ड होतं, कुठून कुठून मागवलेलं.

"पोरा, एक काम आहे," व्हर्लिन म्हणाला. "सही माझ्यासाठी नकोय."

कोल्टनला लगेच कळलं. त्याने कार्डावर लिहिलं, 'एली, मी ठणठणीत आहे. जोरात टाक.' आणि नुसतं लिहून तो थांबला नाही. मैदान ओलांडून आमच्या टीमच्या बाकाकडे चालत गेला, एलीसमोर उभा राहिला आणि त्याला कवेत घेतलं. गावच्या लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. डोरीन रुमाल काढून बसली. एलीने कोल्टनच्या गालाकडे पाहिलं, बोट जवळ नेलं, लावलं नाही. कोल्टनने त्याचं बोट धरून गालावर टेकवलं आणि मोठ्याने म्हणाला, "बघ! माझ्या आजीपेक्षा हळू मारतोस तू!" एली हसला. ते कार्ड त्याने शर्टाच्या आतल्या बाजूला ठेवलं.

व्हर्लिनने माझा हात धरला. "आता बघ," तो म्हणाला.

एली टोपीला हात लावून आमच्याकडे बघून उभा राहिला. मग त्याने पहिला चेंडू टाकला. तो झेलणाऱ्याच्या डोक्यावरून गेला. पुढचाही. त्याच्या पुढचा पंचाच्या पायाला लागला. या वेळी कुणी ओरडलं नाही, कुणी हसलं नाही. सगळे आपापल्या कागदी पेल्यात बघत होते. मला वाटतं, त्या आधीच्या हसण्यापेक्षा हे त्याला जास्त लागलं असेल. तोवर आम्हा सगळ्यांना वाटत होतं की काहीतरी एक गोष्ट करायची राहिलीय. आता करायचं काही राहिलं नव्हतं.

मोसमाच्या शेवटच्या आठवड्यात एलीचं नाव पुन्हा लागलं. दुपारची मॅच. आम्ही गाडीतून गेलो, गाडी लावली, आणि व्हर्लिन उतरेना.

"काय झालं?"

"तू जा."

"बरं वाटत नाही का?"

"बरं आहे. मी इथे बसतो."

"उन्हात?"

"मी आत आलो नाही तर मी मॅचला नाही," व्हर्लिन समोर काचेकडे बघत म्हणाला. "मी नसलो तर कप्पा नाही. पानावर आता एकच जागा उरलीय, आर्डिस. ती मी त्याला भरू देणार नाही."

मी एकटी आत गेले. माझ्या शेजारची जागा रिकामी. एली आला, टोपीला हात लावला, आमच्या रांगेकडे पाहिलं. पुन्हा पाहिलं. पंच वाट बघत होता. एलीने जिन्याकडे पाहिलं, हॉट डॉगच्या गाडीकडे पाहिलं. मी हात हलवला, खुणा केल्या, बाहेर आहे, ठीक आहे, पण एवढ्या लांबून त्याला काय कळणार? मी उठून पार्किंगकडे जाऊ म्हटलं, तर माझीही जागा रिकामी दिसेल. म्हणून बसून राहिले.

तो कसा खेळला ते काही वेगळं सांगायला नको.

घरी जाताना एली मागच्या सीटवर होता.

"आज तुम्ही नव्हता," एली म्हणाला.

"नव्हतो."

"मी शोधलं."

व्हर्लिनने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. मक्याच्या शेताशी. "तू ते कार्ड आणून ठेवतोस ना टेबलावर," तो म्हणाला, "ते मला बघवत नाही रे. म्हणून नाही आलो. तुझ्यासाठी नाही आलो."

एलीला ते इंग्रजी समजलं की नाही, ठाऊक नाही. 'तुझ्यासाठी नाही आलो' हे त्याने कसं घेतलं असेल? मी व्हर्लिनला म्हटलं, "फोनवर बोल. नीट सांग त्याला." व्हर्लिनने फोन हातात घेतला आणि पुन्हा मांडीवर ठेवला. शेवटी एलीनेच पुढे वाकून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "चला, मिस्टर व्हर्लिन," तो म्हणाला. "सेन्योराला भूक लागली."

टीमने त्याला काढून टाकल्याचं आम्हाला कोचने नाही, एलीनेच सांगितलं. सकाळी खाली आला तेव्हा बॅगा भरलेल्या होत्या आणि पलंगावरच्या चादरी घडी करून दारात ठेवलेल्या होत्या, जसं मी त्याला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. मी भात केला, त्याला आवडायच्या काळ्या घेवड्याबरोबर. आमचा नेहमीचा नाश्ता अंड्यांचा, पण त्या दिवशी व्हर्लिननेही भातच खाल्ला. विमानतळावर व्हर्लिन त्याच्या बॅगांच्या मागे मागे गेला, जिथून पुढे जाऊ देत नाहीत तिथपर्यंत, आणि मग तिथल्या बाईशी उगाच वाद घालत राहिला की त्या बॅगेत नाजूक सामान आहे. तसं काही नव्हतं. एलीने मला वाकून जवळ घेतलं. त्याच्या छातीशी खिशात कडक काहीतरी लागलं. कोल्टनचं कार्ड असावं. मी विचारलं नाही.

"पुढच्या वर्षी," व्हर्लिन म्हणाला.

"पुढच्या वर्षी," एली म्हणाला. ते होणार नाही हे तिघांनाही ठाऊक होतं.

एली गेल्यावर फोन येईनासे झाले. मी लिहायचे, तो एक शब्द पाठवायचा: बिएन. नाताळानंतर एका रविवारी फोन वाजला, चित्रासकट. एली नव्हता, युदिथ होती. तिने आपला फोन भाषांतराला लावला होता. ती बोलायची, थांबायची, मग फोनमधून एक सपाट आवाजाची बाई तिचं बोलणं इंग्रजीत सांगायची.

एली काकाच्या टायरच्या दुकानात काम करतो, ती म्हणाली. कष्ट करतो. घरी पैसे देतो. गल्लीतली पोरं मैदानात बोलावतात, तो जात नाही. तिने विचारलं की म्हणतो, हात दुखतो. डॉक्टरला दाखवलं. डॉक्टर म्हणतो, हाताला काही झालेलं नाही.

मग ती पुन्हा बोलली. फोनमधली बाई म्हणाली, "तो मला काही सांगत नाही. तुम्ही दोघं तिथे होता. प्रत्येक वेळी होता, असं तो म्हणतो. माझ्या मुलाला काय झालं?"

मी व्हर्लिनकडे पाहिलं. तो फोनच्या जवळ सरकून बसला, चष्मा नीट केला. "मॅडम," तो म्हणाला, "त्या दिवशी ऊन फार होतं." फोनने ते सांगितलं. युदिथ ऐकत होती. "चेंडूला घाम लागला असेल. त्या पोराने मान फिरवली ती इकडे. दुसऱ्या बाजूला फिरवली असती तर." तो थांबला. "पुढे आम्ही पुष्कळ केलं. म्हणजे पुष्कळ नाही. जे सुचलं ते केलं." त्याने चष्मा काढून शर्टाला पुसला आणि म्हणाला, "तुमचा मुलगा फार चांगला आहे."

फोनने सांगितलं. युदिथने डोळे पुसले.

"ते मला माहीत आहे," ती म्हणाली.

मग तिने आमच्याकडे बर्फ पडलाय का विचारलं. मी फोन खिडकीकडे धरला आणि तिला अंगण दाखवलं. ती म्हणाली, किती पांढरं! तिच्या मागून एली गेला, दोन्ही खांद्यांवर एकेक टायर घेऊन. तिने हाक मारली. तो वळला, आम्हाला बघून हसल्यासारखं केलं, हात मोकळे नव्हते म्हणून मान हलवली, आणि टायर घेऊन बाहेर उन्हात गेला.